उन्हाळ्यात रामनदीला पाणी येतं कुठून?

गच्चीवरून (धागाकर्ती) | १८ मार्च, रात्री ९:४०

पुण्यात बावधनला राहायला येऊन आम्हाला काही वर्षं झाली. इमारतीच्या मागे रामनदी आहे. म्हणजे माहितीपत्रकात तसं छापलं होतं. प्रत्यक्षात करंजाची चार झाडं, घाणेरीचं रान आणि त्यातून वाहणारी एक धार. माझा प्रश्न साधा आहे. पाऊस थांबून पाच महिने झाले. टेकड्या पिवळ्या पडल्यात. वर खाटपेवाडीचा तलाव सांडत नाही, भूगावच्या मानस तलावातूनही काही बाहेर पडताना दिसत नाही. तरी इथे घोटाभर पाणी चालूच आहे. आमचे इस्त्रीवाले मामा मूळचे इथलेच. ते म्हणतात, त्यांच्या लहानपणी होळीनंतर इथे नुसती डबकी उरायची. मग आता पाणी वाढलं कसं? सगळीकडे नद्या आटल्याच्या बातम्या आणि आमच्याकडे ही उलटी गंगा!

वास येतो का, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. येतो. पण रोज येत नाही आणि सकाळ-संध्याकाळ सारखा येत नाही. जाणकारांनी उजेड टाकावा. राजकारण नको.

सदाशिवपेठी | ९:५२

वास येतो म्हणता आणि पाणी कुठून येतं तेही विचारता. उत्तर प्रश्नातच आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

टवाळखोर | १०:०५

"राजकारण नको" लिहिलंत ना, आता शंभरी नक्की. खुर्ची टाकून बसलोय.

खडकवासी | १०:४८

सदाशिवपेठी, इतकं सोपं नाही हो.

रामनदी लहान आहे, साधारण १८ किलोमीटरची. खाटपेवाडीच्या डोंगरातून निघते, भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. तिच्यात उतरणारं पाणी म्हणजे या गावांमागच्या टेकड्यांचं पाणी. वेताळ टेकडीची पाषाणकडची बाजूही तिच्याचकडे उतरते. सगळा प्रदेश बेसाल्टचा. हा खडक थरांचा असतो. एखादा थर काळा, घट्ट. त्यात फटी असतील तरच पाणी शिरणार. त्याच्या खालचा थर बारीक पोकळ्यांचा, झिजून मुरूम झालेला. पाणी साठतं ते त्यात. मध्ये कुठे गेरूचा तांबडा पट्टा लागतो. टेकडीवर मुरलेलं पाणी असं थराथरानं खाली येतं आणि जिथे उतार थराला कापतो तिथे झरा फुटतो. बावधनचा झरा तसाच. चांदणी चौकाच्या कामाच्या वेळी त्याच्यावरून बरंच रण माजलं होतं, आठवत असेल.

तेव्हा बाई, तुमच्या धारेत झऱ्याचं पाणी नक्की आहे. पण आपल्या बेसाल्टची कोठी लहान असते. साठवणाऱ्या थराच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के इतकंच पाणी तो सोडतो. पाऊस कितीही झाला तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे झरे बारीक होतात. मामांची डबकी हेच सांगतात. मार्चअखेरीला घोटाभर वाहतं पाणी नुसत्या झऱ्यांचं असेल असं मला वाटत नाही.

सदाशिवपेठी | १०:५५

म्हणजे चार परिच्छेद लिहून मी एका ओळीत जे म्हटलं तेच. असो.

खडकवासी | ११:०२

नाही. "सगळं सांडपाणी" आणि "थोडं झरा, थोडं सांडपाणी" यात फरक आहे. कसा, ते पुढे लिहितो. उद्या सकाळी कामावर जायचंय.

भुकूमकर | १९ मार्च, सकाळी ६:३०

आमचं शेत भुकूमला, नदीला लागून. आज अर्धं उरलंय. वरच्या साहेबांनी खडकाचं सांगितलं ते बरोबर, पण भाताच्या खाचरांचं राहिलं.

आमच्याकडं नदीच्या दोन्ही बाजूंनी खाचरं होती. बांध घातलेली, एकाखाली एक. आषाढ ते भाद्रपद पाणी तुंबवून ठेवायचं. ते सगळं काही भात पीत नव्हतं. बांधाखालून पाझरत दिवाळीनंतरही नदीला लागायचं. आता त्याच खाचरांत मुरुमाच्या गाड्या ओतून प्लॉट केलेत. वरून पाऊस पडला की सरळ रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात आणि गटारातून तासाभरात नदीत. पूर वाढला आणि पाझर गेला. माझ्या विहिरीला माघात पाणी असायचं, आता पौषातच बादली तळाला लागते.

आणि मासे. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वलगणीचे मासे खालच्या डोहांतून वर चढायचे. आम्ही पोरं फडकं घेऊन रात्री ओढ्यात उभी राहायचो. चढणीचे मासे आता येऊन येऊन येणार कुठून? मध्ये पाषाणचा बांध पूर्वीपासून होताच, पण त्याच्या वरच्या डोहातले तरी यायचे. खेकडे मात्र अजून आहेत. पावसाळ्यात बघा रस्त्यावर.

चिवडाप्रेमी | ७:१५

वलगणीच्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. सकाळी सकाळी हे वाचायला लावल्याबद्दल निषेध.

आकडेमोड | ११:२०

धागाकर्तीच्या प्रश्नाला आकड्यांनी भिडू या.

माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा शहरी पाणीपुरवठ्याचा ठरलेला मापदंड. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. तुमच्या वरच्या अंगाला, म्हणजे भुकूम-भूगाव पट्ट्यात, किती माणसं राहतात मला माहीत नाही. उदाहरणापुरती ५० हजार धरा. ५० हजार गुणिले १३५ गुणिले ०.८ म्हणजे रोजचे ५४ लाख लिटर. सेकंदाला ६२ लिटर. यातलं निम्मंच जरी नदीत पोचलं तरी घोटाभर धार बारा महिने चालते.

यात गंमत अशी, की हे पाणी रामनदीच्या पाणलोटातलं नाहीच. ते आलंय धरणांतून, दुसऱ्या खोऱ्यांतून, टँकरमधून, खोल बोअरमधून. आपण एका नदीचं पाणी उचलून दुसरीत ओततो. तुमची नदी उन्हाळ्यात वाहते कारण तुम्ही सकाळी आंघोळ करता.

टवाळखोर | ११:२६

यापुढे आंघोळीला "नदी पुनरुज्जीवन" म्हणण्यात यावे.

उजनीवाला | ११:४१

पुण्याचे लोक आंघोळीवर विनोद करताना बघून बरं वाटलं. तुमची राम जाते मुळेत, मुळा मुठेला, मग भीमा, मग उजनी. आणि उजनीचं पाणी सोलापूरला नळाला येतं. तेव्हा शाम्पू जरा बेताने वापरा. ह.घ्या., पण फार हलकं नका घेऊ.

शेकाट्या | दुपारी १:१०

मी पाषाण तलावावर आणि खाली सोमेश्वरवाडीपर्यंत पक्षी बघत आलेय. पाणी कुठलं हे विचारायला पक्षी बरे. ते खोटं बोलत नाहीत.

माझं इथलं नाव ज्यावरून आहे तो शेकाट्या, लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा पक्षी, सध्या नदीपात्रात झुंडीने दिसतो. नवखी मंडळी खूश होतात. पण तो उथळ, सडक्या चिखलात चरतो, कारण तिथे एका प्रकारच्या न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या खच्चून असतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या शरीरात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, आणि म्हणून प्राणवायू नसल्यासारख्या पाण्यातही त्या जगतात. बाकीचे किडे मरतात, या वाढतात, शेकाट्या येतो. उलट दगडाखाली मेफ्लाय या किड्याची पिल्लं सापडली, पात्रातल्या खडकावर शेपूट हलवणारा करडा धोबी दिसला, तर पाणी जरा बरं समजायचं. धोबी हिवाळी पाहुणा, त्यामुळे आता शेवटचे काही दिवस.

पाषाण तलावाची गोष्ट वेगळीच. इंग्रजांनी गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी द्यायला रामनदी अडवून तो बांधला. आज त्या बंगल्याच्या आवारात विद्यापीठ आहे आणि तलावाचं पाणी प्यायची कुणाची छाती नाही. पूर्वी हिवाळ्यात थापटे आणि इतर बदकं मोठ्या संख्येनं यायची. जलपर्णीने पाणी झाकलं की बदकांना उतरायला जागा राहत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या मात्र मजेत. त्यांना पाणकणीस आवडतं आणि पाणकणसाला आपला मैला.

गच्चीवरून | १:३२

शेकाट्याताई, मी गेल्या महिन्यात त्यांचेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर "निसर्ग परत येतोय" असं लिहून टाकले होते. 😐

सोलहून | संध्याकाळी ५:०५

मी सध्या कामानिमित्त कोरियात आहे. इथे चंगेचन नावाचा ओढा शहराच्या मधोमध आहे. त्याच्यावर काँक्रीट आणि वर उड्डाणरस्ता होता. तो पाडून २००५ मध्ये ओढा उघडा केला. आता संध्याकाळी लोक पाण्यात पाय सोडून बसतात, बगळे येतात. मनात आणलं तर होतं. आपल्याकडे नुसती चर्चा.

खडकवासी | ६:४४

सोलहून, त्या ओढ्याला पाणी कुठून येतं तेही सांगा की. हान नदीतून आणि भुयारी रेल्वेतल्या भूजलातून पंप करून रोज सुमारे सव्वा लाख टन सोडतात. तिथला मूळ ओढा मोसमी होता. पंप बंद, ओढा बंद. वाईट आहे असं म्हणत नाही, मलाही तिथे पाय सोडून बसायला आवडेल. पण तो विजेवर चालणारा ओढा आहे. साबरमतीतही असंच नर्मदेचं पाणी आहे.

सोलहून | ६:५८

मान्य. पण वास येत नाही.

सिमेंटवाला | रात्री ८:१५

बांधकाम क्षेत्रात आहे म्हणून आधीच जोडे तयार ठेवा. तुम्ही सगळे उन्हाळ्यावर बोलताय, पण या नदीनं लोकांना मारलंय पावसाळ्यात. ऑक्टोबर २०१० ची रात्र पाषाण-बाणेरला ज्यांनी काढली त्यांना विचारा. अशा ठिकाणी भिंत बांधून, तळ सपाट करून पाणी लवकर पुढे काढून देणं हाच व्यवहार्य उपाय. काठावर वाळुंज आणि करंजाची झाडं छान दिसतात, पण पुरात त्यांच्यात कचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि शिव्या आम्हाला.

भुकूमकर | ८:३७

पाणी लवकर पुढे काढून द्यायचं म्हणजे कुणाच्या दारात?

खडकवासी | ९:२०

भुकूमकरांनी मर्मावर बोट ठेवलं. बावधनला भिंत घातली की पूर पाषाणला आधी पोचतो, पाषाणला घातली की बाणेरला. शेवटच्या माणसाला सगळ्यांचं पाणी एकदम. साधं गणित बघा. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. गवताळ टेकडी किंवा खाचर असेल तर त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं रेंगाळत येतं. पेव्हर ब्लॉक असतील तर जवळपास सगळं लगेच. २०१० ला पाऊस मोठा होता हे खरंच, पण पाणी शिरलं ते नदीच्या जागेत बसलेल्या घरांत.

नकाशावरच्या पूररेषांत निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या एका पुराची. वरचा पाणलोट फरशीखाली गेला तर जुन्या हिशेबाच्या या रेषा पुरत नाहीत. वाळुंजाबद्दल: ते झाड पुरात वाकतं, मोडलं तरी फुटतं, आणि त्याची मुळं काठ धरून ठेवतात. कचरा अडकतो तो झाडाचा दोष कसा?

सिमेंटवाला | ९:३१

दोष झाडाचा नाही, पण साफ करायला माणूस कोण देणार ते सांगा. कागदावर सगळेच वाळुंज लावतात. माझ्या साइटवर पात्रालगत लावलेली रोपं पहिल्याच पुरात गेली.

शेकाट्या | ९:४५

यात तथ्य आहे. रोपं लावून चालत नाहीत, वाळुंजाच्या जाड ओल्या फांद्या पावसाळा संपताना काठात खोचाव्या लागतात, म्हणजे पुढच्या पुरापर्यंत मुळं धरतात. आणि बऱ्याच ठिकाणी काही लावायचीच गरज नसते. काठ दोन वर्षं खणला नाही, तर लव्हाळा आणि करंज आपले आपण येतात.

सदाशिवपेठी | १०:१०

अवांतर: आमच्या पेशव्यांनी कात्रजला तळं बांधून १७४९ च्या सुमारास नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. वाटेत नळातली हवा सुटायला उच्छ्वास, पेठांत हौद. पाणलोट कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. तुम्ही पश्चिमेकडच्या मंडळींनी आधी पेठेत येऊन हौद बघावेत.

टवाळखोर | १०:१४

पेठेत यायचं म्हणजे गाडी कुठे लावायची हा धागा वेगळा काढा. तोही शंभरी गाठेल.

खडकवासी | १०:२६

सदाशिवपेठींना या एका बाबतीत पूर्ण अनुमोदन. पण त्याच कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्यानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं तेही पुणेकरांच्या लक्षात असेलच. ओढा अरुंद केला की तो जागा मागायला येतो.

निशाचर | २० मार्च, पहाटे ४:५०

रात्रपाळी करून बावधनवरूनच घरी जातो. धागा वाचून आज पुलाखाली उतरलो. मोबाइलच्या उजेडात सांगतो: धार आहे, पण बारीक. तळातले दगड दिसतात. वास जवळजवळ नाही. एका दगडावर खडूनं खूण करून आलोय. कुत्रं मागे लागलं, ते वेगळं.

गच्चीवरून | सकाळी ९:३५

निशाचर, मी आत्ता गच्चीवरून नाही, चक्क खाली जाऊन बघून आले. खडूची खूण पाण्याखाली आहे! आणि पाणी करडं, वर फेस.

आकडेमोड | ९:४८

वा! कोणताही झरा नऊ वाजता फेस काढत नाही. झऱ्याची धार चोवीस तास सारखी असते. सांडपाण्याला घड्याळ असतं: सकाळी भर, दुपारी ओसर, संध्याकाळी पुन्हा थोडी भर, मध्यरात्रीनंतर तळ. रविवारी भर उशिरा येते, पुणेकर उशिरा उठतात. दिवाळीत चार दिवस धार बारीक व्हायला हवी, अर्धं पुणे गावी जातं. आणि कधीतरी धुळवडीला दुपारी तिथे उभं राहायला हवं. भूजलवाले पाण्याचा माग काढायला रंग सोडतात, आपल्याकडे तो प्रयोग फुकटात होतो.

खडकवासी | ११:१५

प्रयोग छान, पण घाई नको. भूगावहून चार किलोमीटर यायला पाण्याला वेळ लागतो. सेकंदाला एक फूट वेग धरला तर साडेतीन-चार तास. म्हणजे पहाटे साडेचारला पुलाखाली दिसणारं पाणी वर मध्यरात्री सोडलेलं असू शकतं. खरा तळ आणखी उशिरा, सहा-सातच्या सुमाराला यावा. त्याच वेळी आसपासच्या सोसायट्यांचं सकाळचं पाणी मध्येच येऊन मिळणार. शिवाय काही सोसायट्यांचे शुद्धीकरण प्रकल्प ठरावीक वेळीच पाणी सोडतात. ते किती शुद्ध असतं हा भाग निराळा.

कुणीतरी सहा वाजता जावं.

भुकूमकर | ११:३०

सहाला मी खाली येतो. तसाही दूध घालायला चांदणी चौकात असतोच. दगड कुठला ते सांगा.

निशाचर | ११:४४

पुलाच्या वरच्या अंगाला, डावीकडे, उंबराच्या मुळाशी मोठा चपटा दगड. कुत्र्यासाठी बिस्कीट न्या.

भुकूमकर | २१ मार्च, सकाळी ७:०५

जाऊन आलो. खूण उघडी आहे आणि पाणी तिच्या खाली चांगलं वीतभर. म्हणजे निशाचररावांनी बघितलं त्याच्याही खाली गेलंय. पण बंद नाही. आणखी एक बघितलं. उंबराच्या बाजूनं काठातल्या मुरुमातून पाणी झिरपतंय. बोटभर धार. हात लावला तर कोमट, नदीचं त्यामानानं गार. तिथं बारीक हिरवं शेवाळ आहे, काळा गाळ नाही. बिस्कीट कामी आलं.

खडकवासी | ८:५०

भुकूमकर, हीच बातमी हवी होती. जमिनीतलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला असतं, पुण्यात पंचवीस अंशांच्या आसपास. म्हणून थंड पहाटे ते कोमट लागतं आणि दुपारी गार. तुमचा उंबर काही उगीच तिथे उभा नाही.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाचं जमेल तितकं उत्तर देतो. सकाळच्या तळाला जी धार उरते, त्यात झऱ्याचं पाणी जास्तीत जास्त तेवढं. त्याच्यावरचं सगळं माणसांचं. म्हणजे आत्ता दिवसाचा हिशेब केला तर मोठा वाटा सांडपाण्याचा, पण त्याच्या पोटात खरी नदी अजून जिवंत आहे, बोटभर का होईना. नऊ वाजता ती ओळखू येत नाही, सहाला येते. वास कधी येतो, कधी नाही, हे तुमचं निरीक्षणही यात बसतं.

सदाशिवपेठी | ९:०३

बोटभर. मी पहिल्या प्रतिसादात बोटभर सोडून बाकीचं बरोबर सांगितलं होतं याची नोंद घ्यावी.

गच्चीवरून | ९:२०

सर्वांचे आभार. पण आता नवीनच पेच पडलाय. समजा उद्या सगळं सांडपाणी नळीत घालून शुद्धीकरणाला नेलं. मग मार्चमध्ये इथे बोटभर धार उरणार आणि एप्रिलमध्ये कोरडं. सोसायटीतले लोक म्हणतील, नदी वाचवली म्हणता आणि नदी तर गेली!

सिमेंटवाला | ९:४१

म्हणतीलच. आणि मग कोरड्या जागेत गाड्या लावतील. लिहून ठेवा.

शेकाट्या | १०:३०

बाई, माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे.

आपल्या देशावरचे लहान ओढे उन्हाळ्यात तुटतातच. वाहणं थांबतं, डोह उरतात. इथले जीव त्याला हजारो वर्षांपासून सरावलेत. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, तिला डोह पुरतो. खेकडा बिळात खोल जातो. काही बेडूक जमिनीत स्वतःला पुरून घेतात आणि पहिल्या पावसाला बाहेर येऊन तात्पुरत्या डबक्यात अंडी घालतात. मुद्दाम अशाच डबक्यात, कारण तिथे अंडी खाणारे मासे नसतात. ऑक्टोबरात थव्याने दिसणारे पिवळसर चतुर, जे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं मानतात, त्यांची पिल्लंही पावसाच्या डबक्यांतच भराभर वाढतात. बारमाही सांडपाणी आलं की यांची सोय जाते. मग गप्पी, चिलापी, जलपर्णी आणि डास यांचं राज्य. गप्पी आपण डासांसाठी सोडले, ते बेडकांची पिल्लंही खातात.

म्हणून एप्रिलमध्ये कोरडं पात्र आणि दोन-चार स्वच्छ डोह, हे मला आजच्या घोटाभर पाण्यापेक्षा कितीतरी बरं वाटेल. माझे शेकाटे जातील. जाऊ देत, त्यांना चिखल दुसरीकडे मिळेल.

आकडेमोड | १०:४४

तत्त्वतः सहमत, पण डोह उरायला वर मुरायला हवं. भुकूमकरांची खाचरं गेली, टेकड्या फोडल्या, बोअर खोल खोल गेले, तर बोटभर धारही जाईल. मग कोरडं पात्र "नैसर्गिक" म्हणून खपवायचं का?

भुकूमकर | ११:०२

टेकडीवर चर खणायचं सरकारी काम आमच्याकडं झालं होतं. मशीननं. गवत उपटून चर, आणि चरात गिरिपुष्पाची झाडं. पहिल्या दोन वर्षांत चर गाळानं भरले. गवत होतं तेव्हा गुरंही चरायची आणि पाणीही मुरायचं.

खडकवासी | ११:२५

चर सगळीकडे वाईट नाहीत, उघड्याबोडक्या उतारावर कामाचे आहेत. पण जिथे चांगलं गवत आहे तिथे मशीन नेऊ नये, एवढं तरी पाळावं. आकडेमोड यांच्या प्रश्नाला: नाही, खपवायचं नाही. डोह किती उरतात आणि कुठल्या महिन्यापर्यंत, यावरून पाणलोट कसा आहे ते कळतं. म्हणून जुन्या माणसांकडून डोहांची नावं आणि ते कधी आटायचे हे लिहून घ्यायला हवं. तुमच्या इस्त्रीवाल्या मामांपासून सुरुवात करा.

गच्चीवरून | दुपारी ४:१५

मामांना विचारलं. कपडे बाजूला ठेवून अर्धा तास सांगत होते. आमच्या पुलापासून पाषाणपर्यंत तीन डोह. एकात म्हशी बसायच्या, एकात पोरं पोहायची आणि एकाला कुणी शिवायचं नाही, कारण तिथे देवीचं ठाणं होतं. तो तिसरा कधीच आटायचा नाही म्हणाले. जागा दाखवायला तयार आहेत. आता तिथे कुणाचीतरी संरक्षक भिंत आहे, पण भिंतीच्या पायाशी बारा महिने ओल असते.

खडकवासी | ४:२२

भिंतीच्या पायाशी ओल! येत्या रविवारी मी येतो. सहाला, फेस यायच्या आत. आणखी कोण?

निशाचर | ४:३०

मी सरळ कामावरूनच येतो. चहाचं बघा.

भुकूमकर | ४:४१

दूध माझ्याकडं.

सिमेंटवाला | ५:१०

मी पण येतो. त्या भिंतीचा पाया किती खोल असेल ते मला बघून सांगता येईल. जोडे घरी ठेवून या.

सदाशिवपेठी | ५:३३

रविवारी सहा वाजता? पुण्यात? शुभेच्छा.